हृदयविकाराची नोंदवही मार्चमध्ये नीट होते आणि सप्टेंबरपर्यंत पुन्हा बिघडते: कारणे आणि उपाय

इंग्लंडमधल्या जीपी (फॅमिली डॉक्टरांच्या) दवाखान्यांत डॉक्टर, नर्स, व्यवस्थापक किंवा नोंदी सांभाळणारे कर्मचारी म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींना ही तक्रार नवी नसेल. क्यूओएफचे, म्हणजे कामाच्या दर्जावरून दवाखान्यांना पैसे देणाऱ्या योजनेचे, वर्ष ३१ मार्चला संपते. त्याआधीचे काही आठवडे सगळा दवाखाना हृदयविकाराच्या नोंदवहीमागे लागतो, राहून गेलेले रक्तदाब मोजले जातात, ॲस्पिरिनच्या नोंदी भरल्या जातात आणि टक्केवारी एकदाची समाधानकारक दिसू लागते. सप्टेंबरमध्ये कोणी सहज म्हणून यादी उघडली, की तेच घोळ पुन्हा समोर येतात. बायपास झालेला माणूस नोंदवहीत नसतो, पित्ताने छातीत जळजळ होणारी बाई अँजायनाची (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखण्याच्या विकाराची) रुग्ण म्हणून बसलेली असते, आणि एखाद्या गृहस्थाला कागदोपत्री चार वेळा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो, प्रत्यक्षात मात्र एकदाच.

माझ्या अनुभवात याचे मूळ आळसात किंवा संगणकाच्या बिघाडात क्वचितच सापडते. मार्चमधली मोहीम आधी झालेल्या चुका निस्तरते, पण चूक ज्या वाटेने आत येते ती वाट तशीच उघडी राहते. शिवाय ज्या टक्केवारीकडे पाहून आपण निश्चिंत होतो, तिला नोंदवहीबाहेरचा रुग्ण दिसूच शकत नाही. दुसरा मुद्दा आधी समजून घेतला तर पहिल्याचा उपाय सोपा होतो, म्हणून सुरुवात तिथून करतो.

टक्केवारी काय लपवते

हृदयधमनी-विकाराच्या रुग्णांची पद्धतशीर नोंदवही ठेवावी हा आग्रह सरकारने २००० सालच्या राष्ट्रीय सेवा आराखड्यात धरला, आणि एप्रिल २००४ पासून क्यूओएफमुळे त्या नोंदवहीला पैशांची जोड मिळाली. तेव्हापासून उपचारांचा जवळजवळ प्रत्येक निकष ‘नोंदवहीतल्या रुग्णांपैकी किती टक्के’ अशा स्वरूपात मोजला जातो. आता एक उदाहरण घेऊ. समजा, दवाखान्याच्या नोंदवहीत ३०० रुग्ण आहेत आणि त्यांपैकी २८५ जणांच्या नावापुढे गेल्या बारा महिन्यांत ॲस्पिरिन किंवा तत्सम औषध चालू असल्याची नोंद आहे. हे प्रमाण ९५ टक्के होते, म्हणजे उत्तमच. पण आणखी ४० जणांना हा विकार असूनही त्यांच्या निदानाचा कोडच (संगणकाला कळणारी ठरावीक खूण) घातलेला नसेल आणि त्यांतले फक्त २० जण औषध घेत असतील, तर खरा हिशेब ३४० पैकी ३०५, म्हणजे जेमतेम ९० टक्के, असा होतो. ज्या २० जणांना औषध मिळत नाही त्यांना बोलावणेही जात नाही, कारण बोलावण्याची यादी त्याच नोंदवहीतून निघते. थोडक्यात, नोंदवही जितकी अपुरी, तितकी टक्केवारी छान दिसण्याची शक्यता जास्त.

म्हणून पहिली तपासणी टक्केवारीची करू नये, नोंदवहीच्या आकाराची करावी. इंग्लंडमध्ये या नोंदवहीतल्या रुग्णांचे प्रमाण एकूण नोंदणीकृत लोकसंख्येच्या साधारण ३ टक्के असते, म्हणजे दहा हजारांच्या दवाखान्यात सुमारे ३०० रुग्ण. तुमचा आकडा त्याहून बराच कमी असेल तर लगेच दोष मानू नका. विद्यापीठाच्या आवारातल्या दवाखान्यात सगळे विशीतले असतील तर तो कमीच असणार. वयाची रचना सारखी असलेल्या शेजारच्या दवाखान्यांशी तुलना केली आणि तरीही फरक उरला, तरच पुढे जा.

केवळ जीपीच्या नोंदींवर विसंबणे किती फसवे असते, हे २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. जीपी, रुग्णालय आणि राष्ट्रीय हृदयविकार-नोंदणी या तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींना जोडून पाहिल्यावर, झटक्यातून वाचलेल्या रुग्णांपैकी केवळ ३१ टक्के रुग्णांची नोंद तिन्हीकडे सापडली. झटक्यासारखी ठळक घटनासुद्धा जर अशी निसटत असेल, तर हळूहळू जडणाऱ्या अँजायनाची गत काय असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

औषधांवरून उलटा शोध

निदानाचा कोड विसरला जातो, पण औषध सहसा विसरले जात नाही, कारण रुग्ण ते दर महिन्याला मागतो. म्हणून नोंदवहीबाहेरचे रुग्ण शोधण्याचा सर्वांत फलदायी मार्ग म्हणजे औषधांच्या यादीपासून सुरुवात करणे. गेल्या बारा महिन्यांत जीभेखाली मारायचा जीटीएन स्प्रे, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, निकोरँडिल किंवा रॅनोलाझिन या अँजायनाच्या औषधांपैकी काही दिले गेले आहे, पण हृदयधमनी-विकाराच्या नोंदवहीत नाव नाही, असे सगळे रुग्ण काढा. ही यादी बहुधा लहान निघते आणि तिच्यात तथ्य भरपूर असते.

यादी हाताने तपासल्याशिवाय कोणालाही नोंदवहीत घालू नये, हे मात्र आवर्जून सांगतो. जीटीएनचे मलम गुदद्वाराच्या भेगेसाठीही दिले जाते आणि शोध लावताना औषधाचे फक्त नाव धरले, स्वरूप धरले नाही, तर मूळव्याधीच्या तक्रारीसाठी आलेली माणसे हृदयरुग्णांच्या रांगेत उभी राहतात. आमच्याकडे हे एकदा घडले होते आणि बोलावण्याचे पत्र मिळालेल्या गृहस्थांनी फोनवर जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध) आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे) यांवरून शोध घेण्याचा मोहही टाळावा. क्लोपिडोग्रेल पक्षाघातानंतर आणि पायांच्या धमन्यांच्या विकारातही देतात, स्टॅटिन तर निव्वळ प्रतिबंधासाठी असंख्य लोकांना चालू असते. क्लोपिडोग्रेलच्याच वर्गातले टिकाग्रेलॉर मात्र बहुतेक वेळा हृदयधमनीकडेच बोट दाखवते.

दुसरा उलटा शोध शस्त्रक्रियांवरून करावा. रुग्णालयाच्या पत्रात ‘डाव्या मुख्य धमनीच्या शाखेत स्टेंट घातला’ असे वाचून पत्र हाताळणारी व्यक्ती इमानदारीने अँजिओप्लास्टीचा कोड घालते, पण ज्या विकारासाठी ती केली त्याचा कोड घालायचा राहून जातो. शस्त्रक्रियेच्या कोडवरून विकाराचा अर्थ माणूस लगेच काढतो. नोंदवही तो काढेलच असे नाही. अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा कोड आहे पण निदान नाही, अशी यादी महिन्यातून एकदा काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

प्रश्नचिन्ह, पूर्वेतिहास आणि कुटुंब

चुकीने आत आलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक नाजूकही. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाला तपासताना डॉक्टर ‘अँजायना’ हा कोड निवडतो आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेत एक प्रश्नचिन्ह टाकतो. वाचणाऱ्या माणसाला ते शंका म्हणून कळते. संगणक फक्त कोड वाचतो, प्रश्नचिन्हाकडे त्याचे लक्ष नसते, आणि त्या क्षणापासून तो रुग्ण पक्का हृदयरोगी ठरतो. पुढे अँजिओग्राफी निर्दोष निघाली तरी तो कोड काढायचे काम कोणाचे हे ठरलेले नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे राहतो. यावर उपाय साधा आहे: तपासण्या पूर्ण होईपर्यंत ‘छातीत दुखणे’ हा लक्षणाचाच कोड वापरावा आणि शंका मजकुरात लिहावी. हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाची पंप करण्याची क्षमता कमी पडणे) तर ‘संशयित’ असा स्वतंत्र कोडच उपलब्ध आहे.

‘वडिलांना साठीच्या आत झटका आला होता’ ही माहिती वडिलांऐवजी मुलाच्या निदानात जाऊन बसणे, ही चूक हास्यास्पद वाटते, पण ती सर्रास होते. कोड शोधण्याच्या चौकटीत ‘इन्फार्क्शन’ (म्हणजे झटका) टाइप केले की पहिल्या चार-पाच ओळींतून घाईने जी निवडली जाते ती बऱ्याचदा चुकीची असते. उलट दिशेची चूकही तितकीच महत्त्वाची आहे. रुग्णाला स्वतःला पूर्वी झटका आला असेल आणि आपण ‘पूर्वेतिहास: हृदयविकाराचा झटका’ असा कोड घातला, तर तो कोड निदानाच्या शाखेत मोडत नाही. रीड कोड या जुन्या कोडपद्धतीत इस्केमिक हृदयविकार (म्हणजेच हृदयधमनी-विकार) ‘जी३’पासून सुरू होणाऱ्या शाखेत होता, तर पूर्वेतिहासाचे कोड ‘१४’च्या शाखेत आणि कौटुंबिक इतिहासाचे ‘१२’च्या शाखेत होते. २०१८ पासून प्राथमिक सेवेत आलेल्या स्नोमेड सीटी या नव्या कोडपद्धतीतही पूर्वेतिहास, कौटुंबिक इतिहास आणि संशय या संकल्पना विकारांपासून वेगळ्या ठेवलेल्या आहेत. म्हणून ज्याला झटका येऊन गेला आहे त्याच्या नावे झटक्याचाच कोड घालावा आणि तारीख मात्र घटनेची द्यावी.

तारखेचा घोळ

या एका मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण याचा परिणाम थेट औषधावर होतो. कोड घालताना संगणक आपणहून आजची तारीख धरतो. रुग्णाला १९९८ साली झटका आला असेल आणि नव्या दवाखान्यात नाव नोंदवताना त्याची माहिती आज भरली, तर नोंदीप्रमाणे त्याला आजच झटका आला. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञाचे प्रत्येक पत्र ‘पूर्वी झटका आलेला हा रुग्ण…’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होते आणि प्रत्येक पत्राबरोबर तोच कोड पत्राच्या तारखेने पुन्हा घातला जातो. चार झटक्यांचे कोडे असे सुटते.

तीव्र झटक्यानंतर ॲस्पिरिनच्या जोडीला टिकाग्रेलॉरसारखे दुसरे औषध साधारण बारा महिन्यांपर्यंत द्यावे, असा नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. ते कधी थांबवायचे हे झटक्याच्या तारखेवरून ठरते. तारीख दर पत्रागणिक पुढे सरकत राहिली तर थांबवण्याची वेळ कधी येतच नाही, आणि रक्तस्रावाचा धोका वाढवणारे औषध विनाकारण चालू राहते. म्हणून महिन्याच्या तपासणीत दोन याद्या ठेवाव्यात: एक, झटक्याचे दोन किंवा अधिक कोड असलेल्यांची, दुसरी, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल चौदा महिन्यांहून अधिक काळ चालू असलेल्यांची. पहिल्या यादीतल्या प्रत्येकाची मूळ डिस्चार्ज समरी उघडून खरी घटना किती वेळा घडली ते पाहावे आणि उरलेले कोड नव्या घटनेऐवजी पाठपुरावा म्हणून बदलावेत. दुसरी यादी डॉक्टरनेच पाहावी, कारण काहींच्या बाबतीत तज्ज्ञाने औषध मुद्दाम पुढे चालू ठेवलेले असते.

एका दवाखान्यातून दुसऱ्यात येताना

रुग्णाने दवाखाना बदलला की जीपी-टू-जीपी व्यवस्थेतून त्याची नोंद नव्या ठिकाणी येते. दोन्हीकडे वेगवेगळी प्रणाली असेल, उदाहरणार्थ एका ठिकाणी एमिस आणि दुसऱ्या ठिकाणी सिस्टमवन, तर ज्या कोडला समोरच्या बाजूला जोड सापडत नाही तो ‘अवनत नोंद’ म्हणून नुसत्या मजकुराच्या रूपात उतरतो. पडद्यावर तो वाचता येतो, त्यामुळे सगळे आले असे वाटते, पण शोधाला तो सापडत नाही. याच्या मागे एक जुना थरही असतो: लॉइड जॉर्ज पाकिटांतले (जुन्या कागदी नोंदींच्या पाकिटांतले) कागद, ज्यांचा गोषवारा कोणी तरी कधी तरी केलेला असतो किंवा केलेलाच नसतो. नव्याने नोंदवलेल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक रुग्णाची नोंद आल्यावर पहिल्या महिन्याच्या आत एकदा माणसाने वाचावी, असा नियम आम्ही केला आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

हार्ट फेल्युअर आणि एट्रियल फिब्रिलेशन

हार्ट फेल्युअरमध्ये कोड असतो, पण अर्धवट असतो. नुसता ‘हार्ट फेल्युअर’ लिहिल्यास रुग्ण नोंदवहीत येतो, पण डाव्या जवनिकेची (हृदयाच्या मुख्य पंप करणाऱ्या कप्प्याची) आकुंचनशक्ती कमी झाली आहे की नाही हे न लिहिल्यास उपचारांचे निकष त्याला लागू होत नाहीत. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल उघडून प्रकार लिहावा, इतकेच. सॅक्युबिट्रिल-वालसार्टन चालू असून हार्ट फेल्युअरचा कोड नसेल, तर तो कोड नक्कीच राहून गेला आहे असे समजायला हरकत नाही. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधावरून मात्र काही ठरत नाही. सुजलेल्या घोट्यांसाठी ते किती उदारपणे दिले जाते हे आपण जाणतोच.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात) ‘बरे झाले’ हा कोड जपून वापरावा. तो घातला की रुग्ण नोंदवहीतून बाहेर पडतो आणि रक्त गोठण्यास अटकाव करणाऱ्या औषधाची आठवण थांबते. अशा रुग्णांना पक्षाघाताचा धोका, हा विकार कधीच न झालेल्यांपेक्षा जास्त राहतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात दिसले आहे. ॲब्लेशननंतर (ठोके बिघडवणारा हृदयाचा भाग निकामी करण्याच्या प्रक्रियेनंतर) ईसीजी एकदा सरळ आला एवढ्यावर हा कोड घालू नये.

रक्तदाबाचे गोल आकडे

रक्तदाबाच्या नोंदींचा दर्जा तपासायला कोणत्याही कोडची गरज नाही. शेवटचा अंक मोजावा. स्वयंचलित यंत्राने घेतलेल्या मोजणीत शेवटचा अंक शून्य असण्याचे प्रमाण दहात एक असायला हवे. ते तीनात एक निघाले, तर कोणी तरी यंत्रावरचा आकडा मनाने गोल करून लिहीत आहे. दुसरी खूण म्हणजे १४०/९० या मर्यादेच्या लगेच खाली आकड्यांची गर्दी आणि लगेच वर शुकशुकाट. यात लबाडीच असते असे नाही. पहिला आकडा १४४ आला की पुन्हा मोजतो आणि १३८ आला की थांबतो, ही आपली सगळ्यांची सवय आहे. घेतलेल्या सर्व मोजण्या नोंदवल्या तर ही गर्दी बरीच विरते.

इथे वेल्समधल्या ग्लिनकॉरूगच्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांची आठवण येते. खाणकामगारांच्या त्या गावात त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या सगळ्या प्रौढ रुग्णांचा रक्तदाब मोजायला घेतला, तोही कागदावर. त्यांची सुरुवात आजारी माणसांच्या यादीपासून नव्हती, गावातल्या सगळ्या माणसांच्या यादीपासून होती, आणि राहिलेली नावे कोणती हे म्हणूनच त्यांना कळत असे. आपल्याकडे संगणक आहेत, तरी आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो.

चूक आत येते ती वाट

आता पहिल्या मुद्द्याकडे. चुका कुठून आल्या हे एकेक करून पाहिले तर त्यांतल्या बहुतेक दोनच ठिकाणांहून येतात: रुग्णालयातून आलेली पत्रे आणि घाईतली तपासणी. पत्रे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे दिवसाला शंभर पत्रे असतात आणि ‘एनस्टेमी’ (झटक्याचा एक प्रकार), ‘टाइप टू एमआय’ (दुसऱ्या आजारामुळे हृदयाला रक्त कमी पडून झालेली इजा) आणि ‘ट्रोपोनिन वाढले’ (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) यांत वैद्यकीय दृष्ट्या काय फरक आहे हे त्याला कोणी बसून सांगितलेले नसते. मूत्रपिंडाच्या आजारातही ट्रोपोनिन वाढू शकते. त्याला झटका म्हणून कोड घातला तर दोष कर्मचाऱ्याचा कमी आणि आपला जास्त.

आम्ही एका पानाचा करार लिहिला. पत्रात निदान निःसंदिग्ध असेल तरच कोड घालायचा. ‘बहुधा’, ‘शक्यता’, ‘वगळता येत नाही’ असे शब्द असतील तर पत्र डॉक्टरकडे जाईल. तारीख घटनेची घालायची. आधी तोच कोड असेल तर नवीन घालायचा नाही. शस्त्रक्रियेबरोबर विकारही लिहायचा. प्रत्येक विकारासाठी एकच ठरलेला कोड, जो सर्व जण वापरतील. याला जोड म्हणून दर आठवड्याला दहा पत्रे डॉक्टरने पुन्हा वाचायची आणि चूक सापडली तर त्याच आठवड्यात, त्याच व्यक्तीशी, शांतपणे बोलायचे. सहा महिन्यांनी निघालेल्या अहवालातून कोणी काही शिकत नाही, हे मी पुरेसे अहवाल लिहून शिकलो आहे.

चुकीचा कोड काढताना घाई करू नये. ऑक्टोबर २०२३ अखेरपासून रुग्णांना आपल्या नव्या नोंदी ऑनलाइन दिसू लागाव्यात अशी तरतूद आहे, आणि आपल्याला नसलेला हृदयविकार फोनवर वाचून हादरलेला माणूस किंवा असलेला विकार अचानक गायब झालेला पाहून गोंधळलेला माणूस, दोघेही दवाखान्यात फोन करतात. प्रवासविम्यावरही परिणाम होतो. कोड बदलण्याचे कारण नोंदीत एका ओळीत लिहावे आणि रुग्णाला कळवावे.

आपल्याकडच्या रुग्णांबद्दल दोन गोष्टी

मराठी आणि एकूणच भारतीय रुग्णांच्या बाबतीत एक वाट अशी आहे जी कोणत्याही प्रणालीला दिसत नाही. काका सुट्टीत पुण्याला जातात, तिथे छातीत दुखते, अँजिओप्लास्टी होते आणि ते परत येताना प्लास्टिकच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीची सीडी घेऊन येतात. ती फाइल कपाटात राहते. इथल्या कोणत्याही रुग्णालयाचे पत्र येत नसल्यामुळे कोड घातला जात नाही, आणि गोळ्या दर महिन्याला भारतातून येणाऱ्या कोणाबरोबर तरी येत असल्यामुळे औषधावरून केलेला शोधही रिकामा जातो. रिसेप्शनवर आणि वार्षिक तपासणीत ‘भारतात कधी ॲडमिट झाला होतात का, तिथून काही गोळ्या आणता का’ असा थेट प्रश्न विचारला, कागद स्कॅन केले आणि बाहेरून घेतलेले औषध म्हणून नोंद केली, तर ही उणीव भरून निघते. इथल्या दुकानातून विकत घेतलेल्या ॲस्पिरिनलाही हीच पद्धत लागू आहे.

दुसरी गोष्ट वंशाच्या नोंदीची. पुढल्या दहा वर्षांतला हृदयविकाराचा धोका काढणारे क्यूरिस्क हे गणित भारतीय वंशाला वेगळे धरते, पण ही माहिती रिकामी असेल तर रुग्णाला गोरा समजून धोका मोजते. एखाद्या पंचेचाळिशीतल्या मराठी माणसाचा आकडा त्यामुळे खऱ्याहून कमी येऊ शकतो आणि स्टॅटिनचा विषयच निघत नाही. ज्यांच्या नोंदीत वंश लिहिलेला नाही अशा चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या रुग्णांची यादी आधी काढावी, संदेश पाठवून त्यांना तो विचारून घ्यावा आणि मगच धोक्याचे आकडे पुन्हा काढायला लावावेत. नावावरून अंदाज करून हा रकाना कोणीही भरू नये.